पाणी झालं

तंबूत राहायची हौस माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. हौस नवऱ्याची. किडनी बदलल्यापासून घर, शाळा आणि दवाखाना सोडून तो कुठे गेला नव्हता, आणि शाळेतही जाऊन काय, तर भूमिती शिकवायची. यंदा डॉक्टर म्हणाले, "जा की दोन दिवस, फक्त पाणी सांभाळा." त्यातलं 'जा की' त्याने ऐकलं आणि 'पाणी सांभाळा' माझ्या वाट्याला आलं. आमच्या घरातल्या वाटण्या अशाच होतात.

बरोबर वन्संही होत्या. माझी ही मोठी नणंद शाळेची बस चालवते, त्यामुळे आमची गाडीही त्याच चालवत होत्या आणि मागच्या सीटवरून कोणी जोरात बोललं की आरशातून डोळे वटारत होत्या. नवऱ्याच्या पोटातली किडनी त्यांचीच. "बारक्याला दिली, आता बारक्याने जपावी," एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांच्या जागी मी असते तर उठता-बसता ऐकवलं असतं.

घरून उकळून गार केलेल्या पाण्याचा मोठा कॅन घेतला होता. उतरून डिकी उघडली तर कॅनचं झाकण सैल, आणि ते सगळं पाणी गाद्या-पांघरुणांनी पिऊन टाकलेलं. तळावरच्या नळावर पाटी होती: पिण्यासाठी नाही. राहिला ओढा.

"आरशासारखं पाणी आहे गं," वन्सं म्हणाल्या.

"आरशात जंतू दिसत नाहीत, वन्सं."

वर कुठेतरी गुरं चरत होती. त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या, आणि ती गुरं काय फक्त चरूनच थांबत असतील, असं मला वाटत नव्हतं. मी म्हटलं परत जाऊ. नवऱ्याने असं तोंड केलं की शाळेतली पोरं बरी. शेवटी ठरलं: मी वर गाडीपाशी पांघरुणं वाळत घालते, वन्संनी पाण्याचं बघायचं.

"पाणी तुमच्याकडे हं."

"झालंच समज."

वर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पांघरूण पिळायचं, खाली बघायचं. झाडांमुळे तंबूचं टोक तेवढं दिसत होतं. दोनदा खाली जायला निघाले आणि दोनदा स्वतःलाच म्हटलं, बाई, जरा दुसऱ्यावर विश्वास टाकायला शीक. तेवढ्यात खालून वन्संचा बसवाला आवाज आला, "पाणी झालं गं!"

"मग त्याला गोळ्या घ्यायला सांगा, वेळ झालीय!" मी वरूनच ओरडले.

खाली आले तेव्हा शेगडी अजून खोक्यात होती. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढली नव्हती. भांडं कोरडं. ओढ्याकाठच्या दगडावर नवरा बसला होता आणि त्याच्या हातात रिकामा पेला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"वन्सं, पाणी उकळलं कशात?"

"उकळायचं आहे अजून. भरून झालं ना. फडक्याने गाळून सगळ्या बाटल्या भरून ठेवल्या." मग त्यांनीही पेल्याकडे पाहिलं, आणि शेकोटीसाठी गोळा केलेल्या काटक्या हातातून खाली पडल्या. "अगं, तूच म्हणालीस ना गोळ्या घे म्हणून? मला वाटलं, त्याच्यासाठी तू घरून वेगळं पाणी आणलं असशील."

वन्संच्या घरी नळाला पाणी नेमक्या वेळी येतं. तिथे 'पाणी झालं' म्हणजे भरून झालं. आमच्याकडे नवऱ्याच्या ऑपरेशनपासून 'पाणी झालं' म्हणजे उकळून, गार करून, झाकून ठेवलं. मी इतकी वर्षं त्यांच्या घरी जाते, त्या माझ्या घरी येतात, आणि एका शब्दाचे दोन अर्थ आमच्यात सुखाने नांदत होते.

फोनला रेंज फक्त वरच्या वळणावर होती. धावत गेले. दवाखान्यातल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, उलटी करवायला जाऊ नका, गोळ्या चुकवू नका, उकळलेलं पाणी देत राहा, आणि आजच घेऊन या, तपासून घेऊ. त्याची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी दाबून ठेवली आहे ना, म्हणून. ताप आला तर किडनीवर यायला वेळ लागत नाही. हे शेवटचं वाक्य माझ्याबरोबर उतारभर खाली आलं.

आणि मग मी वन्संवर सुटले. तुम्हाला सगळं खेळ वाटतं, म्हटलं. एक काम सांगितलं होतं, म्हटलं. दिलीत म्हणजे संपलं का, असंही म्हटलं, आणि ते म्हणायला नको होतं हे तोंडातून बाहेर पडतानाच कळत होतं. चाळीस पोरांच्या दंग्यात ज्यांचा आवाज कधी कापत नाही, त्या वन्सं तंबूचे खुंटे उपसत राहिल्या. नाक पुसायलाही थांबल्या नाहीत. नवरा मान खाली घालून शेगडीचं खोकं उघडत होता.

बाटल्यांतलं पाणी ओतून टाकायला म्हणून मी त्याच्याजवळची बाटली उचलली, आणि बोटं बधिर झाली. बर्फासारखं गार पाणी. उकळलेलं पाणी असं इतक्यात गार होईल? पहिल्या घोटाला कळलं असतं. घोट कशाला, हात लावताच कळलं असतं.

"तू इथेच बसला होतास ना," मी म्हटलं, "त्या भरत होत्या तेव्हा?"

त्याने खोक्यातून शेगडी बाहेर काढली.

"बारक्या?" वन्सं खुंटा हातात धरून उभ्या राहिल्या.

"गार होतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं ते भांड्याच्या वासाचं पाणी पितोय. म्हटलं, एकदा. एका पेल्याने काय होतंय. तुम्ही दोघी ओरडलात, झालं, घे. मग मी घेतलं."

म्हणजे माझी सगळी बोलणी वन्संनी खाल्ली, आणि हा खोकं उघडत बसला होता. मला त्याला ओढ्यात बुडवावंसं वाटलं. त्याची तहानही मला कळत होती, आणि म्हणून जास्तच संताप येत होता.

वन्सं त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता एक ठेवून देणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "ते पोट तुझ्या एकट्याचं आहे का रे? त्यात एक माझी आहे. तिला विचारलंस?"

नवऱ्याने शेगडी पेटवली. आम्ही तंबू गुंडाळेपर्यंत तो भांड्यासमोर उकिडवा बसून होता. पाणी खदखदायला लागल्यावर मी म्हटलं, बस झालं, बंद कर. "थांब, उकळू दे अजून," तो म्हणाला. मी उकळू दिलं. मग वन्संना म्हणाले, "मघाशी मी जे बोलले ते..." त्या म्हणाल्या, "गाडीत बस आधी."

घाटात आम्ही दोघं मागे बसलो. मी दर वळणाला त्याच्या कपाळाला हात लावत होते. माझेच हात तापले होते, त्यामुळे काही धड कळत नव्हतं. मनगट लावून बघायचं, मग गाल, मग पुन्हा हात. पोटात गुडगुडलं का? नाही. थंडी वाजतेय? नाही गं. पुढून वन्सं आरशात बघायच्या, "ताप?" मी म्हणायचे, नाही. थोडं अंतर गेलं की पुन्हा, "ताप?"

खाली शहरातले दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी परत विचारलं. या वेळी तोच बोलला.

"ताई, तुझी बरी आहे."

वन्संनी गाडीचा वेग कमी केला नाही. आरशातले डोळे त्याच्यावरून माझ्याकडे आले.

"आणि हिचा नवरा?"

त्याने माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर ठेवला. "हिलाच विचार."

कपाळ गार होतं, निदान त्या वळणापुरतं तरी.

"बरा आहे," मी म्हटलं. "आहे अजून. तुम्ही जरा जोरात घ्या, वन्सं."