गव्हर्नरांचा फेटा

गव्हर्नरांना फेटा बांधायची कल्पना संजीवकाकांची. पण माइक माझ्या हातात होता, त्यामुळे त्या व्हिडिओत आवाज माझा आहे. यंदा मी शाळेच्या डिबेट टीमची कॅप्टन झाले आणि तेव्हापासून माइक दिसला की मला राहवतच नाही. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याचं सूत्रसंचालन मी मागून घेतलं होतं. आई म्हणाली, रुही, जरा कमी बोल. मी म्हटलं, बघू.

खरं तर त्या दिवशी सगळ्यांनीच कमी बोलायला हवं होतं, कारण अबोलीताईचं इथलं राहणं एका सहीवर लटकलं होतं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. मी इथे जन्मले, ती पुण्यात. बाबांच्या कडेवर बसून ती अमेरिकेत आली, इथेच बालवाडीपासून कॉलेजपर्यंत शिकली. तरी मी नागरिक आणि ती व्हिसावर. घरच्या ग्रीन कार्डाचा नंबर लागायच्या आत ती एकवीस वर्षांची झाली, म्हणजे कायद्यानं आईबाबांच्या अर्जातलं मूल राहिली नाही, आणि त्या रांगेतून बाहेर पडली. ती शिक्षिका व्हायला शिकत होती. घराजवळच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर तिचं ट्रेनिंग चालू होतं आणि ती पोरं तिच्यामागे अशी फिरायची, जशी काही तिच्या खिशात चॉकलेटं भरलीयत. प्रिन्सिपल मिस डॉयल तिला म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी हा वर्ग तुझा, व्हिसाचंही शाळा बघेल.

अडलं होतं लायसन्सवर. शिकवायचं लायसन्स राज्य देतं आणि आमच्या राज्यात ते फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं. लायसन्स नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही आणि व्हिसा नाही तर पुणं, जिथे ताईला रस्ता क्रॉस करतानाही मावशीचा हात धरावा लागतो.

हा नियम बदलणारं बिल आलं होतं. राज्यात शिक्षकच मिळेनात म्हणून गव्हर्नरांनी स्वतःच ते आणायला लावलं होतं. दोन्ही सभागृहांत पास झालं. राहिली होती फक्त त्यांची सही.

अशा वेळी दुसऱ्या कुणीही सही होईपर्यंत वाट पाहिली असती. आम्ही सत्कार ठेवला. आपल्याकडे कुणी काम करणार असं नुसतं कळलं, तरी लोक शाल आणि नारळ घेऊन तयार असतात. मंडळाचे अध्यक्ष संजीवकाका म्हणाले, एकदा आपल्या हातचा फेटा डोक्यावर चढला की माणूस शब्द फिरवत नाही.

तर हायस्कूलच्या स्टेजवर गव्हर्नर खुर्चीत बसले आणि काकांनी आमच्या ढोल पथकाच्या साठ्यातला भगवा फेटा त्यांना बांधला. तो त्यांना खरंच छान दिसत होता. नारळ त्यांनी कानाशी हलवून बघितला, सगळे हसले. मला एवढं भरून आलं की स्क्रिप्ट सोडून मी माइकमध्ये इंग्रजीत म्हणाले, "ही इज वन ऑफ अस नाऊ." काय टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मी ताईला त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुझा वर्ग बघायला येतो.

काही दिवसांतच ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. काकांनी लिहिलं, आपला माणूस व्हाइट हाउसमध्ये. मीही त्याखाली तीन हृदयं टाकली.

मग आयोवा राज्यातली जाहिरात आली. पक्षाचा उमेदवार निवडताना पहिली फेरी तिकडे होते, आणि तिथल्या टीव्हीवर त्यांच्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यानं ती लावली होती. स्टेज, भगवा फेटा, नारळ, आणि वरून माझा उत्साहानं फुटलेला आवाज, "ही इज वन ऑफ अस नाऊ." मग एक जाड पुरुषी आवाज विचारतो, हे त्यांचे झाले, तुमचं कोण आहे? शाळेत पोरांनी ती मला फोनवर दाखवली. एकानं विचारलं, यू आर फेमस, नो? मी फोन त्याच्या हातात परत दिला.

ताईनं ती जाहिरात एकदा पाहिली आणि दुसरीच्या वह्या तपासायला घेतल्या. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

सही लांबतच चालली, तेव्हा मी गव्हर्नरांच्या ऑफिसला फोन लावला. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी बोलत होती. मी डिबेटसारखे मुद्दे मांडले, ती बिचारी सगळं टाइप करून घेत होती. शेवटी मी विचारलं, बिल त्यांनीच मागितलं होतं, मग आता बदललं काय? तिचं टायपिंग थांबलं. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? इथून आलेल्या फोनचा आम्ही फक्त हिशोब ठेवतो. आयोवातून आलेले फोन वर पाठवतो."

मग मला कळलं. गव्हर्नर म्हणून त्यांची ही दुसरी टर्म, आमच्या राज्यात त्यांना परत उभं राहताच येत नाही. आमची मतं त्यांना देऊन झाली होती.

बिलावर सही करणार नाही, असा व्हेटो त्यांनी आयोवातच जाहीर केला. मक्याच्या कोठारापुढे, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी. आमच्या राज्यातल्या शाळांबद्दल बोलताना त्यांच्यामागे आमच्या राज्यातलं एकही माणूस नव्हतं. आम्ही सोफ्यावर बसून पाहिलं. बाबांनी आवाज बंद केला, पण टीव्ही बंद केला नाही.

त्या रविवारी संजीवकाका घरी आले. चहा घेत समजावत होते की राजकारणात असं करावंच लागतं, त्यांनाही वाईटच वाटत असणार. एकदा निवडून आले की पहिलं काम आपलंच. तेवढ्यासाठी संबंध तोडायचे नाहीत, फेट्यातला तो फोटो आपण स्मरणिकेच्या कव्हरवर घेऊ या.

ताईनं कप खाली ठेवला. "काका, तोवर माझी दुसरीतली पोरं मिडल स्कूलला गेलेली असतील."

काका हसले. त्यांना ती गंमत करतेय असं वाटलं.

जूनमध्ये शाळा सुटल्यावर मी ताईबरोबर तिचा वर्ग आवरायला गेले. तिचं पुण्याचं तिकीट काढून झालं होतं. मिस डॉयल दारात आल्या, ताईला घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुझ्या जागी अजून कुणीच मिळालेलं नाही, बहुतेक दोन वर्ग एकत्र करू. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की आपण कोर्टात जाऊ, पेपरात लिहू, मी भाषण करते. ताईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी भिंतीवरची एबीसीडी काढायला लागले.

ड्रॉवरमध्ये नावांच्या पट्ट्या सापडल्या. पुढच्या वर्षीच्या मुलांच्या, प्रत्येकीवर ताईनं काढलेलं फुलपाखरू. व्हेटोच्या आधी केलेल्या. मी विचारलं, या बॅगेत टाकू?

ताईनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि एकेका बाकावर चिकटवत गेली. कोपरे अंगठ्यानं दाबून, नीट. सगळ्या संपल्या तेव्हा तिनं दिवा घालवला.