मातीला कुठं बसवायचं

जालन्यात एखादी मोकळी इमारत दिसली की तिचं पुढं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तिचं मंगल कार्यालय होतं. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची ती लांबलचक शेड ट्रस्टच्या ताब्यात आली, तेव्हा तिचंही नशीब ठरलेलंच होतं. स्वयंपाक कुठं करायचा, वधूपक्षाला कुठली खोली द्यायची, जनरेटर कुणाच्या खिडकीखाली ठेवायचा, सगळं बोलून झालं होतं. पण ट्रस्टचे अध्यक्ष गिरिधरकाका एका सत्काराला उत्तर देताना भरात आले आणि ‘त्या जागी आपण मातीच्या शिल्पांचं संग्रहालय उभं करू’ असं बोलून गेले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडलेली गोष्ट मागं घ्यायची काकांना सवय नव्हती. समितीतल्या मंडळींनीही फार मनाला लावून घेतलं नाही. संग्रहालय बसलं नाही तर मंगल कार्यालय कुठं पळून जात नव्हतं. एका सभासदानं तर पुतण्याच्या लग्नाची तारीखसुद्धा सांगून ठेवली होती.

शिल्पं गावातच होती, ही मोठी सोय. सुहासिनीबाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर अंबड रोडच्या घरामागं भट्टी बांधली. जालन्यात भट्टी म्हटलं की लोकांना लोखंडच सुचतं. त्यामुळं बाईंनी या वयात रोलिंग मिल काढली, अशी बातमी आधी पसरली आणि लांबचे दोघं नातेवाईक नोकरी मागून गेले. बाई शहागडहून गोदाकाठची माती आणवायच्या, तिच्यात आणखी कुठलीकुठली माती मळायच्या आणि त्यातून गुडघ्याएवढी, मांडीएवढी, पोटातून पोकळ शिल्पं घडवून भाजायच्या. माणसं म्हणावीत तर नाक-डोळे नाहीत, जनावरं म्हणावीत तर शिंगं-शेपूट नाही. पण प्रत्येक जण कुठंतरी टेकलेला, वाकलेला, नाहीतर बसून काहीतरी विचार करणारा. काहींवर गर्द निळी झिलई, काही नुसतीच विटेच्या रंगाची.

ती मांडायचं काम आलं गंधालीकडं. गंधाली जालन्याचीच, पुण्यात आर्किटेक्ट. आजवर तिनं जी दालनं उभी केली, त्यांत नळ, बेसिन आणि कमोड मांडलेले असत. तसं पाहिलं तर कमोडही भाजलेल्या मातीचाच असतो, पण त्याच्यासमोर उभं राहून कुणाचे डोळे भरून आल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. काकांचा फोन आला तेव्हा ती एका सीटकव्हरचा रंग ठरवत होती. तो रंग अजून ठरलेला नाही.

शेड पाहून ती वेडीच झाली. हातभर जाड भिंती, उंच छत, वरच्या झरोक्यांतून तिरका उतरणारा उजेड. दिवसभर ती त्या उजेडाच्या मागं फिरायची आणि घरी जेवताना भाकरीवर वाटी पालथी घालून आईला सावली दाखवायची. आई म्हणायची, छान आहे, आता वाटीत आमटी घे.

बाईंची अट मात्र सरळ होती. पुण्याच्या एका गॅलरीलाही हीच शिल्पं हवी होती आणि तिथला टेम्पो सोमवारी येणार होता.

“थोडी देते,” बाई गंधालीला म्हणाल्या, “मांडून दाखव. शनिवारी मी येईन. शिल्पं बघायला न्हाई, ती मी बघितलीत. लोकं त्यांच्याकडं कशी बघतात ते बघायला येईन. पटलं तर सगळी तुमची. न्हाई पटलं तर सोमवारी पुणं. आणि काच लावायची न्हाई. मी काही लोणचं घातलेलं न्हाई.”

बाईंच्या वर्गात गंधालीच्या चित्राला कधी ‘ठीक’च्या वरचा शेरा मिळाला नव्हता. त्यामुळं शनिवार हा तिच्या दृष्टीनं जवळजवळ बोर्डाची परीक्षाच होता. फरक एवढाच, की नापास झाल्यावर तिथं लग्नं लागणार होती.

तिनं जे पहिल्यांदा केलं ते फार देखणं होतं. जाड भिंतीत, नजरेच्या किंचित वर, कोनाडे. कोनाड्याला आतून पांढरा रंग, वरून एकच मंद दिवा, बाकी शेडमध्ये अंधार. एका कोनाड्यात ते बसक्या म्हशीसारखं निळं शिल्प ठेवलं आणि ती स्वतःच दोन पावलं मागं सरकून पाहत राहिली.

शनिवारच्या सहा दिवस आधी, रविवारी, काकांनी घरच्या मंडळींना नमुन्यादाखल बोलावलं. सगळ्यांत पुढं काकांच्या वहिनी, उषाबाई. त्या दारात आल्या. अंधार, कोनाडा, दिवा, आत गोलसर काहीतरी. त्यांनी चपला काढल्या.

पुढचं गंधालीला तेव्हाच दिसलं. कारण एकीनं चपला काढल्या की मागच्यांना विचार करायचं कारण उरत नाही. बघता बघता दाराशी चपलांचा ढीग झाला आणि आत रांग लागली. उषाबाईंनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. हा देव कोणता, यावर थोडा मतभेद झाला. बदनापूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी आपलं मत खंडोबाच्या बाजूनं दिलं. कुणीतरी नारळ आणायला माणूस पाठवला. दुपारपर्यंत उंबऱ्यावर नारळ फुटलाही आणि खोबरं गंधालीलाही मिळालं.

गिरिधरकाका भलते खूष होते.

“गर्दी बघून राह्यली का तू? एक दानपेटी ठेवू. सगळा खर्चा निघतो बराबर.”

“काका, ती म्हैस आहे.”

“मंग काय झालं? म्हसोबा म्हणू.”

म्हशीवरची झिलई गुळगुळीत होती, कुंकू पुसून निघालं. बातमी मात्र अंबड रोडपर्यंत गेली. बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, की आरती कितीला असते.

गंधालीनं कोनाडे बुजवले. देव होतो तो उंचीमुळं, असं तिच्या लक्षात आलं होतं, म्हणून तिनं लांब टेबलं आणली आणि शिल्पं कमरेच्या उंचीवर ओळीनं ठेवली. आता कुणी चपला काढल्या नाहीत. आता लोकांनी भाव विचारला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात वाढलेलं गाव. कमरेएवढ्या फळीवर मांडलेली वस्तू विकायची नाही, हे त्यांना पटेना. विकायचं न्हाई तर मांडलं कशाला, असा त्यांचा सवाल आणि तो अगदीच चुकीचाही नव्हता. एका गृहस्थांनी जोडीनं घेतलं तर किती सोडाल म्हणून विचारलं. ट्रस्टच्या खजिनदार वंदनाताई शेजारीच उभ्या होत्या. गंधाली वेळेवर पोचली नसती तर त्यांनी सौदा पक्काच केला असता.

मग तिनं टेबलं हटवली आणि जमिनीवर रेती पसरून शिल्पं खाली ठेवली. हे तर तिला सगळ्यांत आवडलं होतं. लोक आले, उकिडवे बसले आणि एकेकानं बोटाच्या पेरानं शिल्पाला टिचकी मारून कान लावला. माठ घेताना वाजवून बघतात तसं. शेडभर खणखण सुरू झाली. हा पक्का भाजलाय, तो जरा बद्द वाजतो, पाणी पाझरंल, अशी चर्चाही झाली. गंधाली हात पसरून आडवी आली, तेव्हा कुठं खणखण थांबली.

“गळ्याच्या वर ठेवलं की देव,” ती घरी आईला म्हणाली, “कमरेला ठेवलं की माल आणि पायाशी ठेवलं की माठ. आता मी ती टांगू का?”

आई म्हणाली, आधी जेवून घे.

शुक्रवार उजाडला तेव्हा शेड रिकामी होती, शिल्पं एका कोपऱ्यात गोणपाटावर होती आणि उद्या बाई येणार होत्या. शेडच्या तीन भिंतींना लागून सिमेंटचा जुना ओटा होता, गुडघ्याच्या जरा वर. जिनिंग चालू असताना त्यावर हमाल टेकायचे. गंधालीच्या नकाशात हा ओटा नव्हताच. तो फोडून टाक, असं तिनं भारत मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि भारत मिस्त्री ‘लगेच येतो’ म्हणून मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. तो अजून तिथंच होता.

त्या न फोडलेल्या ओट्यावर ती चहाचा ग्लास घेऊन बसली. विटेच्या रंगाचं एक शिल्प तिनं शेजारी ठेवलं होतं. त्याच्याकडं ती रागानं बघत होती.

तेवढ्यात वाटूरचे रामप्रसाद काकांना शोधत आले. काकांनी बियाण्याचा धंदा सोडला तरी कुठलं बी घ्यावं ते विचारायला लोक अजून त्यांच्याकडंच येतात. काका यायचे होते. रामप्रसाद बसायला ओट्यापाशी आले, शिल्प दिसलं तसे थोडे बाजूला सरकून, त्याला जागा सोडून टेकले. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सोडावी तशी. चपला पायातच. त्यांनी भाव विचारला नाही. टिचकी मारली नाही. गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत राहिले. मग हळूच मान वळवून शिल्पाकडं पाहिलं. पुन्हा समोर. पुन्हा शिल्पाकडं. गंधालीचा चहा ग्लासात तसाच.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “आमचे सासरे जेवण झाल्यावर असेच बसत्यात.”

“कसे?”

“आता हेच बघा की. पोट पुढं, मान मागं. झोप आलीय, पण जावयापुढं आडवं होता येत न्हाई.”

गंधालीनं पाहिलं. खरंच, मान मागं होती. इतके दिवस तिनं त्या शिल्पावरचा प्रकाश पाहिला, सावली पाहिली, विटेचा रंग पाहिला, पण त्याला झोप आल्याचं तिला दिसलं नव्हतं. ती उठून उभी राहिली. शेजारी बसलेल्याला कुणी कुंकू लावत नाही. शेजारी बसलेल्याचा भाव करत नाहीत, टिचकी तर मुळीच मारत नाहीत. शेजारी बसलेल्याकडं चोरून बघतात. आणि तो कसा बसलाय यावरून त्याचं घरदार ओळखतात. आपलं अख्खं गाव जन्मभर हेच करत आलंय.

तिनं रामप्रसादांना विचारलं, उद्या परत याल का? ते म्हणाले, बिलकुल येतो, पण बियाण्याचं काय?

त्यानंतर शेडमध्ये जे सुरू झालं त्याला धावपळ म्हणणं कमी होईल. वरचे दिवे उतरले आणि बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर आले. झरोके धुतले. एक शिल्प, मग दोघं बसतील एवढी जागा, मग शिल्प, असं तिनं तिन्ही भिंतींनी लावत नेलं. प्रत्येकाला खालून मेणाचे गोळे दिले, म्हणजे धक्का लागला तरी ते ओट्यावरून सुटणार नाही. म्हशीला तिनं कोपरा दिला. कोपऱ्यात बसणाऱ्या माणसांसारखीच ती दिसायला लागली. याच धांदलीत भारत मिस्त्री घण घेऊन, दोन माणसं घेऊन, लग्नाचा लाडू घेऊन हजर झाला. ओटा फोडायचा नाही, पुसायचा आहे, हे ऐकून तो दुखावला.

“ताई, माणसं तोडफोडीची आणलीत मी. पुसायची सांगायची व्हती.”

शनिवारी काकांनी हार, शाल, माईक अशी पूर्ण तयारी केली होती. बाई आल्या त्या मात्र मागच्या दारानं. कुणाला काही न सांगता त्या ओट्यावर एका शिल्पाशेजारी जाऊन बसल्या. साधी सुती साडी, मांडीवर पिशवी. कुणालाही वाटावं, यांना बस धरायचीय.

गंधाली खांबाआडून बघत होती. लोक येत होते, उभ्यानं एक फेरी मारत होते आणि मग ज्याला जिथं जागा दिसेल तिथं टेकत होते. टेकलं की आवाज खाली जायचा. कुणी शिल्पाकडं तोंड करून बसलं, कुणी पाठ करून. रामप्रसाद आपल्या सासऱ्यांशेजारी पुन्हा येऊन बसले होते आणि या वेळी बायकोलाही घेऊन आले होते. बायकोनं एकदा बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

उषाबाई बरोबर बाई होत्या तिथंच पोचल्या. गंधालीला कुंकवाची डबी आठवली. पर्स खांद्याला होती. त्यांनी शिल्पाच्या पलीकडं बैठक मारली, जरा दम खाल्ला आणि बाईंना, म्हणजे एका अनोळखी म्हाताऱ्या बाईला, म्हणाल्या,

“ही आमची धाकटी जाऊ.”

“कोण?” बाईंनी विचारलं.

“ही आपल्या दोघींच्या मधी बसलेली. पाठ बघा ना हिची. रागावली की अशीच बसती. तोंडानं शब्द काढत न्हाई, सगळं पाठीनं सांगती.”

बाई शिल्पाच्या पाठीकडं वळल्या. बराच वेळ त्यांनी ती पाहिली, जशी काही दुसऱ्या कुणी केली होती.

“कशाचा राग आलाय तिला?”

“ते मी कशी सांगू? चूक माझीच असंल,” उषाबाई म्हणाल्या आणि शिल्पाच्या खांद्यावरची धूळ त्यांनी पदरानं सहज टिपली.

तेवढ्यात माईक खरखरला. सत्कारमूर्ती सापडत नसल्या तरी काकांनी भाषण सुरू केलं. ऐकायला कुणी उठलं नाही. सगळे आपापल्या शेजाऱ्यात गुंतले होते. एका टोकाला दोन बायका एकाच शिल्पाशेजारची जागा आपली म्हणून हळू आवाजात भांडत होत्या.

बाईंनी मान वर केली आणि बरोबर त्या खांबाकडं बघितलं. गंधाली पुढं आली. पाचवीत वही घेऊन यायची तशीच.

“एवढ्यात भागणार न्हाई,” बाई म्हणाल्या. “भांडणं लागायलीत. बाकीची कधी नेतेस?”

“आत्ता,” गंधाली म्हणाली. आणि तडक माईकपाशी जाऊन तिनं अध्यक्षांना, संस्कृती या शब्दावर थांबवून, गाडीची किल्ली मागितली.