आठ नंबरचं पाणी

ज्योत्स्नानं बटण दाबलं आणि सवयीनं ती पाण्याच्या आकड्याची वाट बघत वॉशिंग मशीनपाशी उभी राहिली. बीडच्या त्यांच्या कॉलनीत नळ दहा-बारा दिवसांनी यायचा, त्यामुळं मशीन किती पाणी मागते हे बघितल्याशिवाय तिचा पाय तिथून निघत नसे.

ड्रम कोरडाच एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं फिरला. मशीन बसवायला आलेल्या सोमेश्वरनं तिला समजावलं होतं, “वहिनी, ही आधी कपडे कोरडेच हलवून बघती. मोटारीला जोर किती लागतो त्यावरून वजन वळखती आन् तेवढंच पाणी घेती. पाणी कुठवर चढलं ते बी तिला नळीतल्या हवेवरून कळतं.” ज्योत्स्नाच्या सासूबाईंना, चतुराबाईंना, हे काही पटलं नव्हतं. कपडे नीट बुडतील एवढंसुद्धा पाणी न घेणारी मशीन त्यांच्या लेखी नुसती चिंगूस होती. पण चिंगूस असली तरी आजवर ती चुकली नव्हती.

आज आत तीन ओढण्या होत्या आणि लेकीचा, संस्कृतीचा, एक फ्रॉक. म्हणजे दोन नंबरचं पाणी. ड्रम मात्र कण्हल्यासारखा फिरला, आत काहीतरी जड आपटलं आणि पडद्यावर आठचा आकडा आला. झाकणाचं कुलूप खट्‌दिशी लागलं. पाणी पडू लागलं.

कपडे टाकून ती गॅसवाला आलाय का ते बघायला दारात गेली होती. जाताना झाकण उघडं होतं. परत आली तेव्हा लावलेलं होतं.

“संस्कृती?”

कुणी ओ दिली नाही. ती आतल्या खोलीत धावली. आजी आणि नात झोपायच्या तो पलंग रिकामा होता. साडेतीन वर्षांची पोर. मागच्या महिन्यात पाण्याच्या रिकाम्या पिंपात उतरून बसली होती. आणि कालच ज्योत्स्नानं तिच्या गालात ठेवून दिली होती, सलग चौथ्या दिवशी अंथरूण ओलं केलं म्हणून. भ्याली की ती दडून बसायची.

ज्योत्स्ना मशीनकडं धावली. तिनं भिंतीतली पिन उपसली. पाणी थांबलं, पण झाकण उघडेना. वीज तोडल्यावरही कुलूप सुटायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, हेही सोमेश्वरनंच सांगितलं होतं. तिनं काळ्या काचेवर मुठी मारल्या, कान लावला. आत नुसतं ठिबकत होतं.

“आत्या, पोरगी आत हाय. बत्ता आणा,” ती सासूला ओरडून म्हणाली.

चतुराबाई चौकटीत उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. त्या हलल्या नाहीत.

“आत्या, बत्ता आणा म्हंते ना. मरंल ती.”

“न्हाई,” चतुराबाई म्हणाल्या. “पोरगी न्हाई आत.”

“मंग काय हाय?”

“गोधडी हाय. वली.”

ज्योत्स्नाला ते खरं वाटलं नाही. कुलूप सुटेपर्यंत ती झाकण ओढतच राहिली. सुटल्याबरोबर तिनं कोपरापर्यंत हात आत घातले. ओढण्यांखाली गोधडी होती, बाहेरच खंगाळून पिळलेली, आणि तिच्यात गुंडाळलेलं चतुराबाईंचं लुगडं. तिनं ते सगळं फरशीवर टाकलं आणि ड्रमचा तळ चाचपला. तळाशी पाण्यावाचून काही नव्हतं.

“मम्मी.”

संस्कृती पलंगाखालून येऊन दारात उभी होती, केसांत जळमटं घेऊन. ज्योत्स्नानं तिला उराशी आवळलं. पोर अंग ताठ करून होती.

“मी न्हाई केलं,” ती म्हणाली. गेले चार दिवस ती हेच सांगत होती.

ज्योत्स्नाला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. तिनं सासूकडं बघितलं.

“चारी दिवस तुमीच?”

चतुराबाईंनी होकाराची मान हलवली.

“आन् मार लेकराला खाऊ दिला.”

“आज तिला मार नगं, म्हून तर टाकली मशिनीत. धुऊन निघाली की गच्चीवर न्हेणार व्हते.”

“एका शब्दानं सांगायचं व्हतं. आत्ता मी हितं जिवाच्या आकांतानं वरडत व्हते, तरी तुमी उब्याच.”

चतुराबाई भिंतीच्या आधारानं खाली बसल्या. फरशीवर टाकलेल्या लुगड्यातून निघालेला ओघळ त्यांच्या पायापर्यंत आला होता. तो त्यांनी पदरानं पुसायला घेतला.

“ऱ्हाऊ द्या ते. उठा, पाय घसरंल,” ज्योत्स्ना म्हणाली. पोरीला कडेवर घेऊन ती दोन पावलं पुढं झाली आणि त्यांना उठवायला तिनं हात उचलला.

चतुराबाईंनी डोळे मिटले आणि कोपर तोंडापुढं धरलं.