डाव्या हातातली सुई

…आणि तो टीचभर भाग बोटाखाली आला तेव्हा हाताला आधी कळलं, डोक्याला मागाहून. अंबाड्यातून उपसलेली जुनी सुई – लग्नाआधीची, हिरव्या रंगाची, नंबर केव्हाच पुसून गेलेला, गेली कित्येक वर्षं विणायच्या नव्हे तर केस अडकवायच्या कामाची – टोकाखाली चार बोटं तिचा रंग उडाला होता, आतलं ॲल्युमिनियम राखाडी, मळकं, आंधळं झालं होतं. आणि तिथे डावा अंगठा टेकवला की तो तिथेच राहत होता. घसरत नव्हता. दाबावं लागत नव्हतं. प्रभावतीनं सुई पदराला पुसली, खोबरेल निघालं, पुन्हा अंगठा टेकवला… राहिला! गॅसवर चहा उकळून उकळून काळा व्हायला लागला तरी ती ओट्याला टेकून उभीच.

आंधळी सुई. चकचकीत नको, आंधळी पाहिजे. इतकं साधं? इतकं साधं आणि एवढी वर्षं कुणाला कळलं नाही, मलासुद्धा?

कारण सुया करतं कोण? कुठल्यातरी शहरातल्या कारखान्यात यंत्रावर उभा राहिलेला कुणी बाप्या, ज्यानं जन्मात चार टाके घातले नसतील. आणि विणतं कोण? जिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुझा हात कुठे दुखतो. महाद्वार रोडच्या लोकरीच्या दुकानात तिनं एकदा विचारलं होतं, न घसरणारी सुई नाही का मिळत? मालक हसला होता. "सुई ती सुई वैनी. नंबर सांगा." नंबर सांगा! जाडीला नंबर आहे, दुखण्याला नाही.

डॉक्टरनं तर दोन मिनिटांत निकाल लावला होता. डावा अंगठा मुळापाशी दाबला, ती किंचाळली, त्यानं मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, "विणकाम करता? बंद करा." बस. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि आज पुन्हा बोलावलं होतं, अंगठ्यात इंजेक्शन द्यायला. घरी आल्यावर नवरा, तात्यासो, तेही तेच म्हणाले, "बंद कर की मग. कुणी मागितलाय का स्वेटर?" कुणी मागितला नव्हता, हेच तर होतं. जावांची, नणंदांची, शेजारच्यांची पोरं जन्मली तशी तिनं टोपडी, मोजे, झबली विणली. आणि मागच्या दिवाळीआधी पहिल्यांदा स्वतःसाठी टाके घातले – जांभळी लोकर, पिकल्या जांभळाची – आणि बरोबर काखेपर्यंत आल्यावर अंगठा गेला. तेव्हापासून ते अर्धं अंग दोऱ्यावर टाके ओवून कपाटात पडलं होतं. हात नसलेलं. गळा नसलेलं.

नाही बंद करणार. का करू?

तिनं हट्टानं मागे लागून तात्यासोंकडून नवा जोड करून घेतला होता. बाजारातल्या सुयांची मागची बोंडं कापून टाकायची, सुया वीतभर आखूड करायच्या, आणि दोन्हींच्या शेपट्या सलाइनच्या नळीनं जोडायच्या, म्हणजे विणलेल्याचं ओझं मनगटावर नाही, मांडीवर. आणि गोल गोल विणत जायचं, उलटवायची भानगडच नाही. नळी आणि सुई जिथे जुळते तिथे टाका अडकू नये म्हणून तात्यासोंनी चांदीची अशी नाजूक टोपी बसवली की नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. हुपरीत पैंजणाची कडी जुळवण्यात त्यांचा हात धरणारा नाही, हे तिला मान्यच होतं. काल संध्याकाळी त्यांनी तो जोड तिच्या हातात दिला – गुलाबी कागदात गुंडाळून, गिऱ्हाइकाला दागिना देतात तसा.

आणि सुया लखलखत होत्या. पॉलिशच्या चाकावर धरून त्यांनी त्यांचा आरसा केला होता!

"काय? कशी झालीया?" तात्यासो मिशीत हसत होते.

तिनं थोडे टाके घेऊन पाहिले. डाव्या सुईवरचे टाके सटासट पुढे आले आणि टोकावरून खाली, एकामागून एक, जिन्यावरून पोरं पळावीत तसे. अंगठ्यानं दाबून धरले तर मुळापासून कळ कोपरापर्यंत. आणि ती म्हणाली, "झकास."

झकास म्हणाले मी. थोबाडीत मारून घ्यावी अशी गोष्ट… पण त्यांचा चेहरा असा फुलला होता! आणि सांगणार तरी काय? या घरातून न उजळलेला नग बाहेर पडत नाही, हे सासऱ्यांपासून ऐकत आलेय. मळकट पैंजण दुकानदार तोंडावर फेकतो. आणि जोड म्हणजे जोड – तराजूत दोन्ही पाय सारखे, नक्षी सारखी, चमक सारखी. ज्या माणसानं आयुष्यभर हेच केलं त्याला जाऊन सांगायचं, तुमची चमक माझ्या हाताला चावते?

पण आता, चहा काळा झालेला, हातात ही आंधळी हिरवी काडी, आणि छातीत काहीतरी उड्या मारतंय…

तात्यासो बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. ती त्यांच्या कामाच्या खोलीत शिरली. इतक्या वर्षांत ती इथे झाडायला आली होती, चहा द्यायला आली होती, पण त्यांच्या पाटावर बसली नव्हती. बसली. खणातून काचकागदाचा तुकडा काढला. नव्या जोडातली एक सुई गुडघ्यावर धरली… त्यात तिचं स्वतःचं डोकं दिसत होतं, लांबट, वेडंवाकडं, आणि त्या चेहऱ्यावरूनच तिनं कागद फिरवला. खर्र. अंगावर काटा. पुन्हा खर्र. चकाकी मरायला लागली, राखाडी धुकं धरायला लागलं, आणि तिला भीती वाटत होती आणि हसू येत होतं, दोन्ही एकदम, लहानपणी कुणाच्या तरी उसात शिरून ऊस मोडताना व्हायचं तसं. टोकाकडे नाही, तिथे गुळगुळीतच पाहिजे, टाक्यात शिरायला. फक्त हा भाग, अंगठ्याखालचा. पालथा हात फिरवला. अजून थोडं. बोटाला राखाडी पूड. तिनं ती जिभेला लावायची तेवढी बाकी ठेवली!

"आई!" सुनेची, अनुजाची, हाक. "अकराची गाडी चुकंल की! डॉक्टरला जायचं न्हवं?"

दुसरी सुई तशीच राहिली. चकचकीत. राहू दे, येऊन करीन. तिनं कपाटातून जांभळं अर्धं अंग ओढलं, पिशवीत कोंबलं, पट्टा घालायचा विसरली. "येतो गं!"

गाडी सुटायच्या आत खिडकीशी बसून तिनं दोऱ्यावरचे टाके सुयांवर घेतले. शेजारी एक शेतकरी येऊन टेकला, मांडीवर ठिबकच्या नळीचं वेटोळं. सुया पाहताच तो सवयीनं पलीकडे सरकला.

"मावशी, डोळ्यात घालशीला."

"बघा की पावणं, टोक कुठं पोचतंय? कोपर माझ्याच मांडीवर हाय."

त्यानं वाकून पाहिलं. "व्हय की. आमच्या घरची विणायची तवा मी कांबळं घिऊन सोप्यात जायचो. एकदा कानात गेलती सुई." मग नळीला बोट लावून, "हे तर आमच्या ठिबकागतच झालं. कुणासाठी म्हणायचं?"

"माझ्यासाठी."

"हितं थंडी कुठं हाय एवढी?"

"तुमी पारावर पत्ते कुटतासा, ते थंडी वाजतीया म्हणून व्हय?"

तो एवढ्या मोठ्यानं हसला की पुढच्या बाकावरची पोरगी वळून बघायला लागली. प्रभावती हसली नाही. ती ऐकतच नव्हती. आंधळी सुई डाव्या हातात, चकचकीत उजव्या, कारण घाईत तशाच हाताला आल्या होत्या, आणि टाके… थांबत होते. डाव्या सुईवर रांगेत उभे होते, आपली पाळी येईपर्यंत. एक पुढे येत होता, बाकीचे जागेवर. उजवी सुई त्याच्यात शिरत होती, लोकर ओढत होती, आणि झालेला टाका त्या चकचकीत सुईवरून असा मागे पळत होता, तात्यासोंच्या टोपीवरून न अडखळता नळीवर, नळीवरून मांडीवर… थांब. थांब थांब. परत बघू. डावीकडे धरून ठेवायचं, उजवीकडे सोडून द्यायचं. दोन हातांची दोन कामं! मग सुया सारख्या कशाला? कुणी सांगितलं सारख्याच पाहिजेत म्हणून? माझे हात काय पैंजण आहेत?

दुसरी सुई घासणार होते मी. अनुजानं हाक मारली नसती तर दोन्हींचा मळकट जोड करून ठेवला असता, त्यांच्यासारखाच. मीही जोडच बघत होते. इतकी वर्षं त्या घरात राहून माझीही नजर त्यांचीच झाली होती की काय…

तेवढ्यात उचगावच्या अलीकडे ड्रायव्हरला गतिरोधक उशिरा दिसला. सगळी गाडी बाकावरून उचलली, वेटोळं तिच्या पायावर, कुणाचा तरी डबा वाजत गेला. तिचे दोन्ही हात हवेत. डोळे मिटले. गेले सगळे टाके, आता उचलत बसायचं, आता परत दाबून धरायचं, परत तीच कळ… डोळे उघडले.

एकही पडला नव्हता.

"ए!" ती ओरडली. कुणाला, तिचं तिलाच माहीत नाही.

मग शहर आलं, सिग्नल आले, गाडी स्टँडात शिरली, माणसं उतरली, ठिबकवाला "येतो मावशी, कान सांभाळून" म्हणून गेला, आणि प्रभावतीच्या सुया चालूच. उठायला हवं. रिक्षा करायला हवी. डॉक्टर इंजेक्शन घेऊन बसला असेल, किंवा मोबाइल घेऊन. तिनं अंगठ्याला विचारलं – खरोखरच विचारलं, मनात, नीट – दुखतोयस का? अंगठा गप्प होता. उद्या बोलेल कदाचित. आजचा उत्साह उतरल्यावर रात्री ठणकेल, सांगता येत नाही. झीज झालीय ती झालीय, सुई काही हाड भरून देणार नाही, एवढी काही मी खुळी नाही. पण त्याला मी काय सांगू? त्यानं विचारलंच नव्हतं मी कशी धरते ते. आज दाखवलं असतं. बघितलं असतं का त्यानं?

"मावशी, उतरा की. शेवटचं हाय." कंडक्टर पोरगी दाराशी.

"हीच गाडी परत हुपरीला जाती न्हवं?"

"जाती. पण आत्ताच की आलासा! कुणाला भेटला न्हाईसा, काय घेतला न्हाईसा."

"विणाय आलतो," प्रभावती म्हणाली. "फाड एक तिकीट."

दिवस कलायला लागला होता. सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायची, म्हणून अनुजाची आत भाकरीची थापथाप चालू होती. प्रभावती बाहेरच्या सोप्यात, उजेडाकडे तोंड करून. काखेच्या वर चांगली चार बोटं जांभळं चढलं होतं. तात्यासो हात धुऊन आले आणि नेहमीसारखे पुढे न जाता थांबले. त्यांच्या डोळ्याला चमक नसलेली जागा लांबूनही दिसते.

"हे काय केलीस?"

"चमक काढली."

"माझ्या हातचं काम हाय ते, प्रभा."

"आणि हात माझा हाय."

आतली थापथाप थांबली.

"काल तर झकास म्हणालीस."

"खोटं बोललो."

वाकून त्यांनी तिच्या डाव्या हातातली सुई बोटात धरली, टाक्यांसकट, नख फिरवलं, आणि मग त्यांचा अंगठा आपोआपच त्या आंधळ्या जागेवर पुढे-मागे चालायला लागला, पुसायला, उजळायला, झोपेतसुद्धा चालतो तसा.

"पुसू नका."

अंगठा थांबला. "मग दुसरी कशाला ठेवलीस? ती बी घासायचीस."

"न्हाय. ती तशीच पायजे. आरशागत."

"एक अशी, एक तशी?" आता ते खरंच चिडले होते, किंवा घाबरले होते, तिला ठरवता येईना. "ह्याला काय जोड म्हणत्यात? बाजारात कोण हात तरी लावंल काय?"

तिच्याकडे उत्तर होतं. गाडीत सबंध वाट तिनं ते घोळवलं होतं, मोठं, दणदणीत, सुया करणाऱ्या सगळ्या बाप्यांच्या तोंडावर मारण्यासारखं. ते ओठांपर्यंत आलंही. पण तोंड उघडायच्या ऐवजी तिनं सुई त्यांच्या बोटातून सोडवून घेतली आणि पुढचा टाका घेतला. आणि त्याच्या पुढचा. बघू देत. ते गेले नाहीत. उभेच होते आणि पहिल्यांदाच सुईकडे न बघता तिच्या हातांकडे बघत होते. काय दिसतंय त्यांना, कळतंय की नुसतीच मळकट सुई खुपतेय? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"आई, दिवस मावळाय लागला, ताटं वाढलीत!" अनुजा आतून.

"आलो. एवढी ओळ."

आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं… डाव्या अंगठ्याकडे. तो सुईवर नव्हताच. केव्हा उचलला गेला कोण जाणे. टाके आपापले उभे होते, बोटं आपलं काम करत होती, आणि तो एकटा जरा बाजूला, हवेत उभा होता, इतकी वर्षं दाबत आल्यानंतर आता कुठे टेकायचं ते त्याला सुचत नव्हतं. तिनं त्याला खाली बोलावलं नाही. तिला एकदम धडधडायला लागलं, आनंदानं, आणि आनंदाहून थोडं जास्त कशानं तरी… हा असा मोकळा राहिला, तर आता आणखी काय काय मागेल?