डावी खिडकी

"तो नकाशा राहू दे तिथंच," नॉर्मन म्हणाला.

ग्लेनिस स्टुलावर चढली होती. फडताळाच्या वरच्या खणातल्या नकाशाची घडी तिच्या बोटांना लागलीही होती.

"धूळ झटकतेय नुसती."

"तुला धूळ बरी... जानेवारीतच दिसते."

शब्द हल्ली त्याच्या ओठांशी येऊन थबकत, आणि मग एकेक करून बाहेर पडत. ग्लेनिस नकाशा घेऊनच खाली उतरली. चहाची किटली बाजूला सारून तिने तो टेबलावर पसरला. फ्रान्स मधोमध विरला होता; घडीच्या रेघेवर आलेली एक अख्खी नदी झिजून नाहीशी झाली होती. खिडकीबाहेर इंग्लंडातल्या बर्नलीची दगडी घरं एकमेकींना खेटून पावसात भिजत होती आणि त्यांच्या पलीकडची पेंडल टेकडी धुक्याने पुसून टाकली होती.

त्यांच्या संसारात जानेवारी हा नकाशाचा महिना होता. नॉर्मन ओग्डेन हा बर्नली शहराची बस चालवायचा. स्टेशनपासून इस्पितळाच्या चढापर्यंत, आणि चढापासून पुन्हा स्टेशनपर्यंत. वर्षभर तेच थांबे, तीच ओल्या छत्र्यांची रांग. म्हणून मे महिन्यात त्याला असा रस्ता हवा असे, जो वळून परत त्याच थांब्यावर येत नाही. बोटीने खाडी ओलांडून कॅले. तिथून रुआँ, शार्त्र, बोर्दो. आणि स्पेनच्या सीमेपलीकडे, समुद्राकाठच्या पाइनच्या झाडांखाली, बेगोन्या नावाच्या बाईने त्यांच्यासाठी राखून ठेवलेली लाकडी खोली. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर बटाटे उकडून आलेली ग्लेनिस हिवाळ्यातल्या संध्याकाळी या नकाशावर बोट ठेवायची, आणि नॉर्मन विचारायचा, "इथं जेवायला थांबू?" प्रत्यक्ष प्रवास मेमध्ये संपे. जानेवारीतला मात्र उरलेलं सगळं वर्ष पुरे.

ऑक्टोबरात नॉर्मनला पक्षाघाताचा झटका आला. पाय काठीच्या आधाराने परतला, जीभ बरीचशी परतली. डावा हात तेवढा अर्ध्या वाटेवर अडून बसला. गाडी चालवण्याचा परवाना नॉर्मनने स्वतःच लिफाफ्यात घालून परत पाठवला, आणि त्या दिवसापासून अंगणातल्या गाडीकडे त्याने पाहिलं नव्हतं.

रविवारी लोर्ना, त्यांची मुलगी, जेवायला आली. टेबलावर भाजलेल्या मांसाच्या ताटाखाली फ्रान्स तसाच पसरलेला पाहून ती चपापली.

"आई, हे काय? विमानानं जा ना! दोन तासांत पोचाल. बाबाला तर खुर्चीतून थेट आत नेऊन बसवतात."

"पार्सल," नॉर्मन म्हणाला.

"बाबा, असं नाही म्हणायचं मला."

"गाडी मी चालवीन," ग्लेनिस म्हणाली.

लोर्नाचा काटा हवेतच राहिला. मग ती हसली. "तू? अगं, तू बाजारातसुद्धा लांबून जातेस, वाटेत उजवीकडे वळायला लागू नये म्हणून!"

"फ्रान्समध्ये सगळं उलटं असतं. तिथं उजवं वळण सोपं. मला बरंच पडेल."

"आणि मी?" नॉर्मनने ताटातून मान वर केली नाही. "मी काय करू? बसू नुसता?"

"नुसता कशाला? माझ्या जागी बसशील. तिकीट कोण घेणार, मी?"

त्या घरात तिकीट म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. इंग्लंडच्या गाडीत चालकाचं चाक उजवीकडे असतं, आणि फ्रान्सच्या टोलनाक्यावरचं यंत्र उभं असतं डावीकडे. म्हणून चालक कितीही कसलेला असला तरी तिथे त्याचं काही चालत नाही. तिकीट ओढायचं शेजारच्याने. इतकी वर्षं डाव्या खिडकीतून बाहेर गेलेला हात ग्लेनिसचा होता. तिकीट ती दातांत धरायची, आडवा दांडा वर गेला की ते काढून म्हणायची, "उघडलं बघ, हाक!" आणि मागच्या सीटवरची लहानगी लोर्ना टाळ्या वाजवायची.

नॉर्मनने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा तो टेबलावर पडला होता.

"हा?" त्याने विचारलं.

"तोच. त्या बाजूला दुसरा आहे का तुझ्याकडे?"

आठवड्याने लोर्नाने एक छोटी डबी पाठवली. काचेला चिकटवायची, टोलनाक्याजवळ गेलं की दांडा आपोआप वर जातो, कुणी हात बाहेर काढायला नको. नॉर्मनने ती उलटसुलट करून पाहिली.

"लाव," तो म्हणाला. "मिटला प्रश्न." आणि आतल्या खोलीत जाऊन दूरदर्शनसमोर बसला. पडदा बंदच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस टपाल कचेरीत उभी होती. खिडकीमागच्या बाईने परत पाठवायच्या डबीचं पाकीट वजनाला लावत विचारलं, "बिघडलीय का हो?"

"छे. चांगली चालते," ग्लेनिस म्हणाली. "तेवढाच दोष आहे तिच्यात."

सराव सुरू झाला तो गावाबाहेरच्या मोठ्या दुकानाच्या आवारात. रविवारी सकाळी तिथे कुणी नसे. सामानाच्या ढकलगाड्यांच्या रांगांना ग्लेनिसने फ्रान्सच्या गल्ल्या मानलं, आणि फुलझाडांच्या वाफ्याला चौकातलं गोल बेट. नॉर्मन यायला तयार नव्हता. पण ती एकटी निघालेली पाहिली तेव्हा, क्लच जाळून आणेल ही बाई, असं पुटपुटत तो काठी टेकत येऊन डाव्या सीटवर बसला.

"उजवीकडनं. उजवीकडनं चल! अगं, बेटाला डावं घाल!"

"ओरडू नकोस. तुझ्या बसमधले उतारू कसे टिकले रे?"

"त्यांना दुसरी बस नव्हती."

तासाभराने तिचे खांदे सैल झाले. रस्त्याची उलटी बाजू अंगवळणी पडतेय, नदीने आपलं पात्र बदलावं तसं काहीतरी आपल्या आत हळूच सरकतंय, असं तिला वाटलं. त्याच आनंदात तिने गाडी आवाराबाहेर काढली, डौलात वळवली, आणि ती बर्नलीच्या हमरस्त्यावर फ्रान्सच्या बाजूने चालू लागली.

समोरून शहराची बस येत होती.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. बसच्या काचेमागे टेरेन्स होता. नॉर्मननेच एकेकाळी त्याला चढावर बस थांबवायला शिकवलं होतं. त्याने खिडकी सरकवली, खाली वाकून आधी ग्लेनिसकडे पाहिलं, मग नॉर्मनकडे.

"काय उस्ताद," तो म्हणाला, "फ्रान्स आलं का?"

वरच्या मजल्यावरचे उतारू काचेला नाक लावून पाहत होते. ग्लेनिसचे कान तापले. तिला गियर सापडेना. तेवढ्यात शेजारून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग अडकलेल्या नळातून पाणी सुटावं तसा. नॉर्मन हसत होता. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं त्याच्यामागून फरफटत येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऑक्टोबरनंतर हा आवाज त्या गाडीत, किंवा घरात, कुठेच झाला नव्हता.

"मागे घे," तो कसाबसा म्हणाला. "त्याला... उशीर होईल. पुढच्या थांब्यावर मिसेस पिकल्स असतात. त्या लिहून घेतात."

त्या दुपारी नकाशा त्याने स्वतः उघडला.

आता उरला होता हात. शेजारच्या क्लिफर्डने फाटकाच्या दगडी खांबाला, गाडीच्या खिडकीच्या उंचीवर, कपड्यांचा एक चिमटा ठोकून दिला आणि त्यात पत्त्यातला चौकटचा राजा अडकवला. रोज संध्याकाळी ग्लेनिस गाडी खांबाशी आणून उभी करायची आणि नॉर्मनने तो राजा ओढून घ्यायचा. उजवा हात तिथवर पोचत नव्हता. देह वळवावा तर पट्टा आणि पोट दोन्ही आडवे येत.

पहिल्या संध्याकाळी ध्यानात आलं, ते वेगळंच. उजव्या सीटवरून गाडीची डावी कड दिसत नाही, तिचा अंदाज बांधावा लागतो. आणि खांबाला घासेल या भीतीने ग्लेनिस गाडी हातभर लांबच उभी करायची. नॉर्मनचा हात वीतभर जाऊन थांबायचा. मधली जागा मोकळीच राहायची.

"जवळ ये," तो म्हणायचा. "म्हणजे पोचतो."

"तू आधी पोच. मग येते."

"अरे, घटस्फोट घ्यायचा तर आत जाऊन घ्या," क्लिफर्ड कुंपणापलीकडून ओरडायचा. "माझी वाटाण्याची रोपं सुकताहेत!"

ती थोडी सरकली, तो थोडा पसरला. एप्रिलमध्ये एकदा ती इतकी सरकली की बाहेरचा आरसा खांबावर आपटून फुटला. तिने डोळे मिटले. इतक्या वर्षांत नॉर्मनच्या गाडीला कधी ओरखडा उठला नव्हता. डोळे उघडले तेव्हा नॉर्मन खिडकीबाहेर वाकलेला होता आणि चौकटचा राजा त्याच्या दोन बोटांत थरथरत होता.

"आरसा नवा मिळतो," तो म्हणाला.

पण हात रोज एकसारखा नसे. काही संध्याकाळी बोटं उघडायचीच नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी पत्ता तीनदा खाली पडला, आणि चौथ्यांदा नॉर्मनने प्रयत्नच केला नाही. ग्लेनिसने पत्ता उचलून पर्समध्ये ठेवला. फ्रान्सच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून गाडीच्या दिव्यांच्या काचांवर काळ्या पट्ट्या चिकटवायच्या असतात. दरवर्षीचं ते काम नॉर्मनने उजव्या हाताने केलं, एकही सुरकुती न पाडता.

कॅलेहून निघाल्यावर रस्ता उघडा होता, आभाळ धुतल्यासारखं. बुलोन मागे पडलं, आणि सपाटीवर टोलनाक्याची रांग उभी राहिली. नॉर्मनने खिडकी खाली केली. ग्लेनिसने फाटकाचा खांब आठवत, इंचाइंचाने, गाडी डावीकडे घेतली. नवा आरसा यंत्राला स्पर्श न करता पुढे सरकला. गाडी थांबली. एवढ्या जवळ ती बर्नलीतसुद्धा कधी आली नव्हती.

यंत्राने तिकिटाची जीभ बाहेर काढली.

नॉर्मनचा हात खिडकीच्या काठावर होता. तो उचलला गेला, निघाला, पोचला. पण मूठ वळलेलीच राहिली. बोटं उघडेनात. मागे एका ट्रकने भोंगा वाजवला. मग पुन्हा, जास्त लांब. ग्लेनिसचा हात नकळत पट्ट्याच्या खटक्याकडे गेला. उतरून, वळसा घालून, क्षणात तिकीट काढता आलं असतं. इतकी वर्षं तिनेच काढलं होतं.

"तू ब्रेक सांभाळ," तिच्याकडे न पाहता नॉर्मन म्हणाला.

तिने हात परत चाकावर ठेवला आणि समोरच्या लाल-पांढऱ्या दांड्याकडे बघत राहिली. तिसरा भोंगा झाला. "वाजव, बाबा, वाजव," नॉर्मन पुटपुटत होता, "मी पण वाजवायचो." मग त्याचा आवाज थांबला. शेजारी नुसता श्वास ऐकू येत होता, चढावर बस नेताना इंजिनाचा यायचा तसा. आणि त्या श्वासाच्या टोकाशी कागदाचा एक बारीक, कोरडा आवाज झाला.

दांडा वर गेला.

तिने पाहिलं. तिकीट नॉर्मनच्या तर्जनी आणि अंगठ्यात होतं. काठोकाठ भरलेला कप सांभाळावा तसं त्याने ते आत आणलं, वाकून दातांत धरलं, आणि दातांतूनच म्हणाला, "उघडलं बघ. हाक!"

ग्लेनिसने हाकली. मागच्या ट्रकलाही तिने एक लांबलचक भोंगा दिला, आणि अख्खा पिकार्दी प्रांत ओलांडेपर्यंत दोघं हसत राहिले.

दुपारी रुआँ गेलं. मग गव्हाचा प्रदेश सुरू झाला. हिरव्याचं एवढं मोठं पान, ज्यावर कुणी अजून काही लिहिलेलं नाही. शार्त्र जवळ आलं की दरवर्षी ग्लेनिस सांगायची, आता कॅथेड्रल दिसतंय, उजवीकडे, गव्हातून वर आलंय. नॉर्मन हुंकार द्यायचा. रस्त्यावरून नजर हलवायची नाही हा त्याचा धर्म होता; त्याने ते कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यापलीकडून तीच पाहत आली होती.

आता समोर ट्रक होते, बाजूला वळणं होती, आणि ग्लेनिसची नजर पांढऱ्या रेघेवर खिळली होती.

"दिसलं?" तिने विचारलं.

नॉर्मन सीटवर पुढे वाकला.

"दोन्ही मनोरे सारखे नाहीत," नॉर्मन म्हणाला.

"नाहीतच मुळी."

"सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलं नाहीस."

मग तो सांगू लागला. एकेक शब्द, मध्ये थांबत. ढगाची सावली गव्हावरून चाललीय. आता दगडावर चढली. एक मनोरा अंधारात, दुसऱ्यावर ऊन. छप्पर हिरवट आहे, आपल्या टाउन हॉलसारखं. ग्लेनिस ऐकत होती. तिला त्याच्या नजरेची ऊब गालावर जाणवत होती. ते पाहायचं तर त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच पाहावं लागत होतं. तिने मान वळवली नाही.

निळी पाटी आली. शार्त्र मागे पडलं होतं. पुढचं अंतर ऑर्लेआँचं होतं.

"गेलं?" तिने विचारलं.

"नाही अजून," नॉर्मन म्हणाला. तो तिच्याच बाजूला पाहत होता. त्याचा डावा हात उघड्या खिडकीच्या काठावर उन्हात पडला होता, आणि बाहीत वारा भरत होता.