तीन नंबरचा कप

दातांच्या डॉक्टरबाई रविवारी दवाखाना बंद ठेवत आणि त्या बंद दवाखान्यात सकाळी दहाला पाच माणसं चहा चाखायला जमत. याचं कारण अगदी व्यवहारी होतं. सुट्या पत्तीचा कोरा चहा नीट पारखायचा तर तो आवाज करत ओढायचा, तोंडभर फिरवायचा आणि थुंकायचा. सगळे कप गिळत बसलं तर चौथ्यापर्यंत जिभेला काही कळेनासं होतं. थुंकायची इतकी स्वच्छ सोय, तीही आपोआप पाणी सोडणारी, दुसऱ्या कुणाच्या घरी असणार?

नियम मोजके होते. प्रत्येकानं दोन चमचे पत्ती साध्या पुडीत आणायची. नर्सबाई पुड्यांवर नंबर टाकत. कोणती पुडी कुणाची हे विचारायचं नाही. पत्ती मुरायची तीन मिनिटं घड्याळजी मोजत, कारण दुसऱ्याच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. मग सगळे आपापलं मत चिठ्ठीवर लिहीत आणि शेवटचा निकाल मुद्रितशोधक देत. ते दातांच्या खुर्चीत बसत. बाकीचे स्टुलावर.

मुद्रितशोधकांनी छापखान्यात चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्त झाल्यावर हात रिकामा राहिला म्हणून ते चहाच्या चुका काढू लागले. त्यांच्या मते चहा हा बिनकण्याचा प्राणी होता, ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा वास उचलणारा. साबणाशेजारी ठेवला म्हणून त्यांनी नर्सबाईंना अख्खा डबा टाकायला लावला होता. बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. सगळ्यांत जास्त बोलणी बसत ती मेहुण्याला, म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची पुडी कोणती हे मुद्रितशोधक डोळे मिटून ओळखत आणि सहा वर्षं एकच शेरा देत. "ओला पुठ्ठा."

मग त्यांना सर्दी झाली. आठ दिवसांनी ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी झालं.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. सोमवार ते शनिवार त्यांना कुणी काही विचारत नसे. रविवारी मात्र चार माणसं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत. नाक गेल्याचं कळलं तर त्या खुर्चीतून उठावं लागणार, आणि उठून कुठे बसायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

म्हणून ते निभावून नेत होते. बशीतली भिजलेली पत्ती निरखायची, मग हळूच नर्सबाईंच्या भुवयांकडे बघायचं. भुवया वर गेल्या तर म्हणायचं "फुलांचा वास", खाली आल्या तर "जरा धुरकट". काहीच समजलं नाही तर "शेवटी मध येतो." मध नाही असं कुणाला सिद्ध करता येत नाही. अडीच महिने गाडी सुरळीत चालली होती.

त्या रविवारी त्यांनी स्वतः आणलेली पुडी खास होती. बायकोनं आणलेला शेवटचा डबा. "चांगल्या दिवशी फोडू," असं ती म्हणाली होती आणि तो दिवस काही आला नाही. महिन्यापूर्वी स्वयंपाकघराला रंग काढला तेव्हा त्यांनी डबा तिच्या कपाटात, शालींमध्ये नेऊन ठेवला. तिथेच एका दुपारी राहवलं नाही म्हणून झाकण उघडलं, आत तोंड घातलं. काही नाही. झाकण नीट न लावताच ते तिथून उठले होते. आता त्यांना वाटत होतं, आपल्याला नाही तर नाही, या चौघांना तरी कळू दे तिनं काय आणलं होतं. त्यांच्या बोलण्यावरून आपल्यालाही कळेल.

एक आणि दोन नंबर बिनबोभाट पार पडले. तीन नंबरचे कप भरले गेले. नर्सबाईंच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत. तीन मिनिटं केव्हाच संपली होती तरी घड्याळजी घड्याळातच बघत राहिले. डॉक्टरबाई उठून खिडकी उघडून आल्या. मुद्रितशोधकांना ही शांतता आदराची वाटली आणि त्यांचं मन भरून आलं.

"याला चहा म्हणतात," ते म्हणाले. "आधी फुलं. मग पिकलेलं फळ. आणि शेवटी मध, पण असा मध मी आजवर चाखला नाही."

चिठ्ठीवर कुणी काही लिहिलं नाही.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "हा तुमचा आहे ना?"

"विचारायचं नसतं."

"विचारत नाही, सांगतोय. ताईच्या कपाटात ठेवला होतात."

"तुला कसं कळलं?"

"डांबरगोळ्या," मेहुणा म्हणाला. "खिडकी उघडली तरी डोळ्यांतून पाणी येतंय."

मुद्रितशोधकांनी कप नाकाशी नेला आणि परत खाली ठेवला. "कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं मी एकाच दुकानातला एकच चहा आणतोय. अडीच महिन्यांपूर्वी त्यात मध निघाला."

"मग बोलला का नाहीस?"

"ताई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच माझ्या एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणत होतात. म्हटलं, चालू दे."

"आणि मी अडीच महिने तुमच्यासाठी भुवया हलवतेय," नर्सबाई म्हणाल्या. "आज मला सुचेना काय करावं."

मुद्रितशोधकांना लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं दुःख होतं. साबणाशेजारी डबा ठेवला म्हणून दुसऱ्याला फैलावर घेणाऱ्या माणसानं बायकोचा शेवटचा चहा स्वतःच्या हातानं नासवला होता.

"तिनं आणलेला शेवटचा डबा होता," ते म्हणाले. "चांगल्या दिवशी फोडायचा होता."

ते खुर्चीतून उठले आणि किटली थुंकायच्या भांड्यात उपडी करायला वाकले. मेहुण्यानं त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं त्यानं आपला तीन नंबरचा कप उचलला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत गिळला. सहा वर्षांत त्या दवाखान्यात चहा कुणी गिळला नव्हता.

मुद्रितशोधकांनी आजवर चहाबद्दल कुणाचं मत विचारलं नव्हतं. आता त्यांनी विचारलं.

"कसा आहे?"

"भयंकर आहे," मेहुणा डोळे पुसत म्हणाला. "ताईची शाल अंगावर घेतल्यासारखं वाटतं."

त्यानं रिकामा कप पुढे केला.

"अजून घाला."