दोन पायली तांदूळ

"गोणी जड हाय," अंबाजी म्हणाला.

सोपान बैलगाडीच्या मागं उभा राहून यादी तपासत होता. तेरा घरं, एकोणतीस घोंगड्या, अंगठे सगळ्यांचे झालेले. त्यानं मान वर केली नाही.

"रिकामी गोणी जड कशी असेल?"

"आता मला काय ठावं. उचलून बघा की."

सोपाननं कागद बगलेत धरला आणि गोणीला हात घातला. तोंड वाखाच्या दोरीनं आवळलेलं होतं. ही गाठ त्यानं मारलेली नव्हती. त्यानं गोणीच्या पोटावर बोटं दाबली तसा आतला माल कुजबुजल्यासारखा सरकला. तांदूळ. न पाहताच त्याला कळलं, कारण तो इंदुरीच्या शेतकऱ्याचा मुलगा होता. दीड-दोन पायली तरी असतील, एवढंही कळलं.

त्यानं वाडीकडं पाहिलं. जांभळीच्या झाडापलीकडं, तिकोना किल्ल्याच्या पायथ्याला टेकून तेरा गवती झापं होती. दारादारांत माणसं उभी होती. पुढं बायडाबाई होती, साठीची, काटक, हात पदराखाली घेतलेले. ती सोपानकडं बघून हसली. काहीतरी चोरून करून ठेवलेलं लेकराला सापडावं आणि आईनं हसावं, तसं.



सोपान ज्या मंडळात नोकरीला होता, ते पुण्यातल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं होतं. दसरा झाला की मुलं पेठांतून दारोदार फिरून कपडे आणि घोंगड्या गोळा करीत, आणि मार्गशीर्षात थंडी पडली की मावळातल्या एखाद्या वाडीवर नेऊन वाटीत. मुलं दर दोन-तीन वर्षांनी पास होऊन निघून जात. राहत ते दोघे पगारी नोकर: कारकून सोपान आणि शिपाई हौशीराम. सोपानला अकरा वर्षं झाली होती. त्याच्या आधीच्या कारकुनानं एका वाडीतून कोंबडी घेतली होती. ते कळलं आणि त्याच आठवड्यात त्याला घरी बसवलं. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक छापील कागदाच्या पाठीवर एक ओळ असे: मंडळाचे नोकर ज्यांना मदत दिली त्यांच्याकडून कसलीही वस्तू घेणार नाहीत. ती ओळ सोपाननंच छापखान्यातून तपासून आणलेली होती.

आणि आज नेमके लोणावळ्याचे शेठ बरोबर होते. निम्म्या घोंगड्या त्यांनी दिल्या होत्या. आपली घोंगडी कुणाच्या अंगावर पडते ते बघायला ते बैलांच्या दमणीतून खालच्या पेठेच्या गावापर्यंत आणि पुढं पायी चढून आले होते. त्यांच्या शेजारी मंडळाचा यंदाचा चिटणीस उभा होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा, खिशात थर्मामीटर घेऊन फिरणारा. कालची रात्र त्यानं पेठेच्या देवळात काढली होती आणि पहाटे वाडीवर येऊन पारा पाहिला होता. फॅरनहाइटचे सेहेचाळीस अंश. इतक्या थंडीत एका माणसाला किती जाडीची घोंगडी लागते याचा त्यानं वहीत हिशेब मांडला होता. मुलगा वाईट नव्हता. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असे, एवढंच.

"काय झालं, सोपानराव?" चिटणीसानं विचारलं.

"काही नाही, साहेब."

पण अंबाजी गाडीवान होता, आणि गाडीवानाच्या तोंडाला झाकण नसतं. "गोणीत कायतरी भरलंय वाडीवाल्यांनी," तो म्हणाला.

शेठ वळले. चिटणीस जवळ आला. त्यानं गोणीवर हात ठेवला आणि मग सोपानच्या तोंडाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. पण सोपानला त्या पाहण्यात कोंबडी दिसली.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, आमच्याकडं आलेलं भांडं रिकामं परत धाडत नाहीत, ही रीत आहे. इंदुरीत त्याची आई शेजारणीची ताकाची लोटीसुद्धा रिकामी परत देत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर चार दाणे मीठ. घोंगड्या गोणीतून आल्या, म्हणून गोणी भरली गेली. यापेक्षा सोपं काही नव्हतं. ते वाक्य सोपानच्या जिभेवर आलंही. पण ते बोलायचं म्हणजे आपण या वाडीच्याच बाजूचे, असं शेठसमोर म्हणायचं. आणि भरलेली गोणी तर त्याच्याच हातात होती.

"हे माझं नाही," तो मोठ्यानं म्हणाला, पुण्याच्या स्वच्छ भाषेत. "मंडळ कुणाकडून काही घेत नाही."

त्यानं गाठ सोडली, गोणीचे खालचे दोन कोपरे धरले आणि ती उपडी केली.

तांदूळ चाकाजवळ पडले. उखळात सडलेले, लालसर, नव्या भाताचे. वाटेच्या फुफाट्यात, बैलाच्या शेणाशेजारी त्यांचा ढीग झाला आणि ढिगाच्या कडा ओघळत राहिल्या. सोपाननं गोणी दोनदा झटकली. काही आत राहिलं नाही हे सगळ्यांना दिसावं, म्हणून दोनदा.

वाडीतून कुणी ओरडलं नाही. शिदू नावाचा एक म्हातारा खाली बसला आणि विनाकारण पायातला काटा बघू लागला. बायडाबाई पुढं आली. तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, कुठं ठेवावं ते न कळल्यासारखं ओठांवर राहिलं होतं. ती ढिगाशी बसली आणि पदरात तांदूळ भरू लागली, वरचे आधी, मातीचे मागाहून.

"मावशी," सोपान म्हणाला.

"असूं दे, भाऊ. आमाला ठावं न्हवतं." तिनं मान वर केली नाही. "नवं हाय. द्येवाला दावलं आन् घराघरातनं वंजळ वंजळ घातलं. आमी बी खाल्लं न्हाई अजून. म्हटलं, पयलं तुमच्या गोणीत जाऊं दे." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालत नसंल."

सोपाननं गोणीची चौघडी घातली. गाडी निघाली. पेठ येईपर्यंत अंबाजी बैलांशीसुद्धा बोलला नाही. मग म्हणाला, "सोपानभाऊ, पुन्याचं पानी लय भिनलं तुमाला."

कामशेतहून संध्याकाळच्या आगगाडीनं सगळे लोणावळ्याला गेले. दर वर्षी वाटप झालं की दुसऱ्या दिवशी मंडळाचा मेळावा भरे. यंदा तो शेठच्या बंगल्यावर होता. या मेळाव्याची एक पद्धत होती: विद्यार्थी नोकरांना वाढीत, आणि जेवणाआधी चिटणीस सर्वांचे आभार मानी. घोंगडी देणाऱ्यांचे, गाडीवानाचे, स्वयंपाकिणीचेसुद्धा. वर्षातून एकदा सोपान आणि हौशीराम पाटावर बसत आणि बी.ए.ची मुलं त्यांना आग्रह करीत. सोपानला तो दिवस फार आवडे.

चिटणीसानं अहवाल वाचला. पारा किती होता, घरं किती, घोंगड्या किती. शेवटी तो म्हणाला, "वाडीतल्या लोकांनी गुपचूप दिलेलं दोन पायली धान्य आमचे कारकून सोपानराव यांनी जागच्या जागी परत केलं. असा निःस्पृह नोकर मंडळाला लाभला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत."

टाळ्या झाल्या. शेठनी उठून सोपानच्या खांद्यावर राखी रंगाची शाल घातली आणि हातात नारळ दिला. शाल मऊ होती. सोपानला अंगभर काटे टोचले.

परत केलं, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. तो शब्द कुणी खोडणार नव्हतं.

पंगतीत हौशीराम शेजारी होता. भाताचा घास घेता घेता तो पुटपुटला, "तांदूळ चालत न्हाईत, शाल चालती व्हय रं आपल्याला?"

"गप जेव."

"जेवतोच हाय की. ह्यो भात शेठचा हाय, ह्यो चालतो."

जेवणानंतर चिटणीस ओसरीवर आला. हातात वही होती. "सोपानराव, मला एक कळत नाही. त्यांना घोंगड्या मिळाल्या होत्या, अंगठेही झाले होते. आणखी काही हवं म्हणून लाच द्यावी, तर त्यांनी मागितलं काहीच नाही. मग तांदूळ का भरले असतील?"

मुलगा खरंच विचारत होता. त्याच्या पेन्सिलीचं टोक वहीवर थांबलं होतं. सांगितलं असतं तर त्यानं लिहून घेतलं असतं, कदाचित अहवालही बदलला असता. सोपाननं खांद्यावरची शाल सावरली.

"काय की, साहेब. डोंगरातली माणसं. त्यांचं त्यांनाच ठाऊक."

चिटणीसानं वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली.

तळेगावला उतरून सोपान इंदुरीला चालत गेला. आई, सरुबाई, ओट्यावर पावटे सोलत बसली होती. तिनं शालीला हात लावून पाहिला.

"कुनी दिली?"

तो सांगू लागला. अहवालात होतं तसं सांगायला त्यानं सुरुवात केली, पण आईच्या पुढ्यात ती भाषा दोन वाक्यांच्या पुढं टिकली नाही. सगळं सांगून झालं तेव्हा सरुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"वाटंवर वतलं?"

"व्हय."

"नवं?"

सरुबाईनं शाल घडी करून ट्रंकेत टाकली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रात्री वाढताना ती म्हणाली, "आता तुझं भांडं घिऊन जा तिच्या दारी. तिच्या हातनं भरून यिऊं दे. मंग पांघर ती शाल."

जायला सहजी जमलं नाही. परीक्षा आल्या, नवी यादी आली, पावसाळ्यात डोंगरवाटा बंद झाल्या. निदान सोपान स्वतःला असंच सांगत राहिला. खरं तर कामशेत काही परदेशात नव्हतं.

पुढल्या मार्गशीर्षात मंडळ पुन्हा त्याच वाडीवर गेलं. चिटणीस नवा होता, त्याच्याकडं थर्मामीटर नव्हतं. शेठ आले नाहीत. सोपानच्या पिशवीत आईचा कडीचा पितळी डबा होता, त्यावर 'सरू' असं टोचून घेतलेलं होतं. आत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे.

वाडीनं घोंगड्या घेतल्या, अंगठे दिले. कुणी तोंड फिरवलं नाही. उलट शिदूनं सोपानला बसायला पोतं टाकलं. वाटप झाल्यावर दोन पोरींनी रिकाम्या गोण्या आणून गाडीत ठेवल्या. त्या उलट्या करून, आतली बाजू बाहेर काढून, शिवणीतला भुस्सासुद्धा झटकून घड्या घातलेल्या होत्या. कुणालाही लांबूनच दिसावं, की आत काही नाही.

सोपान बायडाबाईच्या झापाशी गेला.

"मावशी, आईनं धाडलंय. इंदुरीचा गूळ हाय." त्याच्या तोंडून आपोआप गावचीच भाषा निघाली.

"आगं बाई," ती म्हणाली आणि डबा दोन्ही हातांनी घेतला. "म्हातारी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. तुमची याद काढती."

"मला कुटं वळखती ती?" ती हसली. मनापासून हसली, सोपानला ते नीट दिसलं. "बसा. आलेच."

ती आत गेली. सोपान दारात बसला. आत गूळ एका मडक्यात काढल्याचा आवाज आला. मग कणगीचं झाकण सरकल्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन बसला. येताना त्यानं ओट्यावर नवं भात वाळत घातलेलं पाहिलं होतं. यंदा पीक बरं होतं. मूठभर. चार दाणे. मीठसुद्धा चाललं असतं.

आतून पाण्याचा आवाज आला. ती राखेनं डबा घासत होती.

बायडाबाई बाहेर आली. डबा लखलखत होता. तिनं पदरानं तो आतूनही पुसला होता, आणि झाकण उघडून आतली बाजू त्याच्यासमोर धरली.

"बगा, भाऊ. सवच्छ धुतलाय, कायबी ठिवलं न्हाई. गेल्या साली आमच्यापाई तुमाला सायबापुढं बोलनं बसलं आसंल. लय वंगाळ वाटलं आमाला. पोरीबाळींनाबी सांगून ठिवलंय, तेंच्यात चालत न्हाई म्हून."

"मावशी, चालतं." त्यानं डबा तिच्याकडं लोटला. "चालतं. घाला त्यात कायतरी."

"नगं, भाऊ." तिनं समजूत घालावी तशी मान हलवली. "तुमची नोकरी हाय."

गाडीपाशी नवा चिटणीस घड्याळ बघत होता. सोपान चालू लागला तेव्हा डब्याची कडी दर पावलाला वाजत होती. भरलेल्या डब्याची कडी अशी वाजत नाही. त्यानं ती मुठीत गच्च धरली. अंबाजीनं एकदा डब्याकडं पाहिलं, आणि बैलांना हाक दिली.

इंदुरीला पोचेतो दिवेलागण झाली होती. सरुबाई दारातच उभी होती. तिनं हात पुढं करून डबा घेतला, झाकण न उघडता हातावर तोलला. मग आत जाऊन तो फळीवर ठेवला, पालथा.